वहीत नसलेल्या रात्री: वांगणीच्या एका आकाशदर्शनाची चिरफाड

डिसेंबरमधल्या एका शनिवारी, रात्रीचा एक वाजून गेल्यावर, मी वांगणीजवळच्या एका शेतघरात झोपलेल्या चौदा जणांना उठवले. प्रत्येकाने ८५० रुपये भरले होते. स्वेटर, कानटोपी, मफलर असा जामानिमा करून माणसे डोळे चोळत अंगणात आली आणि वर बघू लागली. वर ढग नव्हते. तारेही नव्हते. धुके होते, आणि तेही असे की वीस पावलांवरचा आंबा केवळ संध्याकाळी पाहिला होता म्हणून आंबा वाटत होता.

त्या चौदा जणांत नौपाड्याचे एक आजोबा होते, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना अगस्त्य बघायचा होता. लहानपणी गावच्या अंगणातून पाहिलेला. ठाण्यात आल्यावर काही वर्षे गच्चीवरून दिसायचा, मग दक्षिणेला एकामागून एक इमारती उठत गेल्या आणि तारा गेला तो गेलाच. त्यांनी मला विचारले, "अगस्त्य कुठाय?"

"आत्ता नाही दिसणार, आजोबा. धुकं उतरलंय."

"मग कधी होता?"

"अकराच्या पुढे चांगला वर आला होता."

आजोबांनी मफलर सारखा केला. "मग अकराला हाक मारायला काय झालं होतं?"

उत्तर माझ्याकडे होते, पण ते देण्यासारखे नव्हते. वेळापत्रकात 'रात्री १ वाजता दुसऱ्या तुकडीला उठवणे' असे लिहिले होते, म्हणून मी एकला उठवले. साडेदहा ते पाऊण या वेळात आकाश गेल्या कित्येक मोसमांत पाहिले नव्हते इतके निवळ होते, आणि त्या वेळात आम्ही सात-आठ अनुभवी माणसे दुर्बिणीभोवती गर्दी करून 'वा, वा' म्हणत होतो. आत चौदा माणसे घोरत होती.

हवामानाने दगा दिला असे म्हणून हे सोडून देता आले असते. पहिले दोन दिवस आम्ही तेच म्हणत होतो.

हातात किती रात्री असतात

आमचा गट आठ जणांचा. पाचपाखाडी, नौपाडा, कोलशेत असे विखुरलेले. एक निवृत्त भूगोल शिक्षक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. ऐरोलीत नोकरी करणारा एक इंजिनिअर आहे. अंदाज, नकाशे, उपग्रहचित्रे हे त्याचे खाते, म्हणून त्याचे नाव ढगवाला पडले आहे. नौपाड्याच्या एक काकू पहिल्या दिवसापासून नोंदवही सांभाळतात. मी पैसे आणि माणसे सांभाळतो. साधने बेताची: एक आठ इंची डॉब्सोनियन (आरशाची, साध्या बैठकीवर फिरणारी) दुर्बीण, दोन द्विनेत्री (बायनॉक्युलर), आणि लाल जिलेटिन कागद लावलेल्या बॅटऱ्या. एकदा अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलचा एक पांढरा झोत ती मेहनत क्षणात घालवतो. म्हणून आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणे मोबाईलवरून होतात. ढगांवरून नव्हे.

ठाण्यातून आकाश बघता येत नाही असे नाही. चंद्र, ग्रह, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ एवढे गच्चीवरूनही होते. पण देवयानीची दीर्घिका दिसली की पुसट डाग दाखवून "हीच ती" असे सांगावे लागते आणि पाहणारा सभ्यपणाने मान डोलावतो. येऊर जवळ असले तरी ते जंगल आहे, रात्री तीस माणसे घेऊन जाण्याची जागा नव्हे. त्यामुळे मध्य रेल्वेने बदलापूरच्या पुढचे वांगणी. खगोल मंडळासारख्या संस्थांनी रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी वांगणी मुंबईकरांच्या सवयीचे केले आणि आमच्यासारखे छोटे गटही त्याच वाटेने गेले. आता बदलापूर आणि नेरळ दोन्हीकडून उजेड वाढतो आहे, वायव्येचे आकाश तर गेल्यातच जमा आहे. तरी माथ्यावर आणि दक्षिणेला अजून अंधार शिल्लक आहे.

आता गणित बघा. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. म्हणजे चार महिने गेले. मे महिन्यात हवा गढूळ आणि संध्याकाळी ढग. ऑक्टोबरमध्ये उकाडा, धुरकट क्षितिज. वर्षातली एक हक्काची अमावास्या तर लक्ष्मीपूजनाची, आणि त्या रात्री ठाण्याच्या आकाशात ताऱ्यांपेक्षा फटाके जास्त. उरले नोव्हेंबरअखेर ते एप्रिल. प्रत्येक अमावास्येच्या आसपास एक, फार तर दोन शनिवार. त्यातले लग्नसराईने, परीक्षांनी आणि मेगाब्लॉकने खाल्लेले वजा करा. सगळे मिळून मोसमात सात-आठ रात्री हाती लागतात. त्यातली एक सोडून द्यायची म्हणजे जिवावर येते, आणि आमचे बहुतेक चुकीचे निर्णय या जिवावर येण्यातून झाले आहेत.

त्यातल्या त्यात एक बरे, अमावास्येची रात्र पुढे ढकलता येते. ग्रहण ढकलता येत नाही. २२ जुलै २००९ चे खग्रास सूर्यग्रहण भर पावसाळ्यात आले; बिहारमधल्या तारेगणा गावी लोटलेल्या हजारोंना ढगच बघावे लागले. तिथे कुणाचे काही चुकले असे म्हणता येत नाही. आमच्या बाबतीत तसे म्हणता येते, म्हणूनच हे प्रकरण लिहिण्याजोगे आहे.

बुधवार ते शुक्रवार

त्या आठवड्यात अमावास्या शुक्रवारी होती. आम्ही शनिवारची रात्र धरली होती, ३२ नावे आली होती. शेतघर, बस, पिठले-भाकरी आणि सकाळची मिसळ मिळून २७,२०० रुपयांचा व्यवहार. शेतघराच्या मालकांचा नियम सरळ होता: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवले तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरू, नंतर नाही. बसवाल्याचे दोन हजार मात्र कसेही गेलेच असते.

बुधवारी दुपारी ठाण्यात अवकाळी पाऊस झाला. पूर्वेकडून आलेला दमटपणा आणि वर एक कमी दाबाचा पट्टा, असे डिसेंबरात अधूनमधून होते. पडला तासभरच, पण चांगला दणकून. वांगणीच्या मालकांना फोन केला तर तिकडे संध्याकाळपर्यंत पडत होता. गुरुवारी आकाश राखाडी. आमच्या ग्रुपवर "काय मग, शनिवारी छत्री आणायची का?" छापाचे विनोद सुरू झाले.

ढगवाल्याने दोन अंदाज समोर ठेवले. अमेरिकी प्रारूप (हवामानाचे संगणकी गणित) सांगत होते की शनिवारी मध्यरात्रीपर्यंत उंचावरचे पातळ ढग साठ टक्क्यांच्या वर राहतील, मग निवळेल. युरोपीय प्रारूपाच्या मते संध्याकाळीच मोकळे होईल. असे मतभेद नेहमीचे. उंचावरचे पिंजारलेले ढग हा अंदाजातला सगळ्यात बेभरवशाचा भाग. ते पाऊस देत नाहीत, म्हणून बाकीच्या जगाला त्यांचे सोयरसुतक नसते. 'आकाश निरभ्र राहील' या बातमीतल्या निरभ्रात ते खुशाल बसतात आणि दुर्बिणीला मात्र मलमलीचा पडदा लावतात.

शुक्रवारी सकाळी दहाला फोनवर बैठक झाली. सर म्हणाले, रद्द करा. कारण विचारले तर म्हणाले, "जमीन ओली आहे, मुलं सतरंजीवर लोळणार, शिवाय गवतात साप-विंचू." मी म्हणालो, ताडपत्री नेऊ. ढगवाला म्हणाला, पुढचा युरोपीय अंदाज आला की नक्की सांगतो. इथे एक गंमत आहे. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवर बसवलेला तो अंदाज आमच्या मोबाईलपर्यंत यायला दुपारचे साडेबारा वाजतात. मालकांची मुदत बाराची. म्हणजे वर्षानुवर्षे आम्ही नवा अंदाज येण्याच्या अर्धा तास आधी, आदल्या रात्रीच्या शिळ्या अंदाजावर शेवटचा निर्णय घेत होतो आणि हे कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

मग माझे हुकमाचे पान मी टाकले. काकूंना म्हणालो, वही काढा. वहीत ४१ रात्रींची नोंद होती आणि त्यातल्या २९ रात्रींपुढे 'आकाश चांगले' असा शेरा. सत्तर टक्के. "आपण गेलो की दहातल्या सात वेळा मिळतंच," मी सांगितले. सर गप्प झाले. जायचे ठरले.

आणि ढगांचा धोका टाळायला म्हणून मी एक 'शहाणपणाचा' बदल केला. मध्यरात्रीनंतर निवळणार असेल तर सगळ्यांना उगाच ताटकळत का ठेवायचे? पहिल्या तुकडीत उत्साही आणि स्वयंसेवक जागतील. लहान मुले, त्यांच्या आया, ज्येष्ठ मंडळी जेवून नऊला झोपतील आणि एकला ताजीतवानी उठतील. हे वेळापत्रक छापून सगळ्यांना पाठवले. लोकांनी अंगठे दाखवले.

ती रात्र

सहाच्या सुमारास सूर्य मावळला तेव्हा पश्चिमेला पांढऱ्या रेघा ओढल्यासारखे ढग होते आणि ते सगळ्या आकाशभर लाल झाले. फोटो उत्तम आले. साडेसातला अंधार पूर्ण झाला तरी महाश्व तारकासमूहाचा चौकोन जेमतेम दिसत होता, देवयानी दुर्बिणीतही धुतल्यासारखी. नऊला जेवणे झाली, दुसरी तुकडी झोपायला गेली. अमेरिकी प्रारूप बरोबर निघणार अशी चिन्हे होती आणि मी मनातल्या मनात स्वतःच्या वेळापत्रकावर खूश होतो.

साडेनऊनंतर पश्चिमेकडून पडदा सरकू लागला. साडेदहाला आकाश उघडले.

त्या दोन तासांचे वर्णन करायचा मोह आवरतो, पण एवढे सांगतो की ब्रह्महृदय ताऱ्याखालून मृगाच्या डाव्या अंगाने व्याधाकडे उतरणारी हिवाळ्यातली आकाशगंगा, जी उन्हाळ्यातल्या आकाशगंगेच्या मानाने फिकी म्हणून कुणी दाखवत नाही, ती नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. पावसाने धूळ धुऊन नेली होती. ययाती तारकासमूहातला जुळा तारकागुच्छ द्विनेत्रीशिवाय ठिपक्यासारखा उमटला होता. दक्षिणेला अगस्त्य, न लुकलुकता म्हणावा इतका स्थिर.

अकराला मला पहिल्यांदा बोटांना ओल लागली. द्विनेत्रीची नळी घामेजल्यासारखी झाली होती. साडेअकराला दुर्बिणीचा शोधक (नेम धरायची छोटी दुर्बीण) धुरकटला, तो रुमालाने पुसला. बाराला वरचा छोटा आरसा गेला. तळाचा मोठा आरसा नळीत खोल असतो, तो वाचतो. पण छोट्यावर दव बसले की मोठा वाचून उपयोग काय. काकूंनी वहीत लिहिले, 'दुर्बीण ओली'. कुणीतरी आतून केस वाळवायचे यंत्र आणले आणि त्याच्या वायरवरून चर्चा सुरू झाली. या सगळ्या वेळात आम्हाला वाटत होते की उपकरणांची कुरबूर चालू आहे. आकाश तर झक्क होते.

पाऊणला उल्हास नदीच्या बाजूने शेताच्या कडेला पांढरी पट्टी दिसली. दहा मिनिटांत ती गुडघ्याएवढी झाली. एकला मी वर पाहिले तेव्हा व्याध तेवढा राहिला होता, तोही दुधात पडल्यासारखा. ढगवाल्याने घाईघाईने उपग्रहाचे चित्र उघडले. कोकणपट्टी स्वच्छ काळी. "ढग नाहीत!" तो ओरडला. धुक्यात उभा राहून.

आणि वेळापत्रकाप्रमाणे मी आत जाऊन चौदा जणांना उठवले. हे मी का केले, हा प्रश्न मला पुढे अनेकांनी विचारला. खरे सांगायचे तर मला आशा होती की ते उठून बाहेर येईपर्यंत धुके हलेल. हलले सकाळी आठला.

धुके कुठून आले

परतल्यावर पहिली बैठक सरांकडे झाली, पाचपाखाडीत. धुके हा अपघात होता का, एवढाच प्रश्न त्या दिवशी घेतला. भूगोलाच्या शिक्षकाने फळ्यावर मांडावे तसे सरांनी मांडले.

जमीन रात्री उष्णता वर सोडत असते. आकाशात ढग असतील तर ते ती बरीचशी अडवतात आणि परत खाली पाठवतात; गोधडी असल्यासारखे. गोधडी निघाली की जमीन झपाट्याने गार होते आणि तिला टेकलेली हवाही. हवेतले बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊ लागते तो दवबिंदू. आधी दव पडते, वारा नसेल आणि बाष्प पुरेसे असेल तर मग धुके. त्या संध्याकाळी सहाला तिथला दवबिंदू १९ अंशांच्या आसपास होता. एरवीच्या कोरड्या डिसेंबरात तो १३-१४ असतो. बुधवारच्या पावसाने शेते भिजलेली, वारा पडलेला, शेजारी नदी, आजूबाजूला माथेरान आणि चंदेरीच्या डोंगरांवरून खाली घसरणारी गार हवा. आणि बरोब्बर साडेदहाला गोधडी निघाली.

म्हणजे आम्ही ज्या क्षणाची चार दिवस वाट बघत होतो त्याच क्षणी धुक्याचे घड्याळ सुरू झाले होते. पावसानंतरची नितळ रात्र आणि धुक्याची रात्र या दोन वेगळ्या रात्री नव्हेतच. अंदाजात 'ढग शून्य' असे जितके ठळक, तितका दवाचा धोका अधिक. सर 'जमीन ओली आहे' म्हणाले तेव्हा त्यांनी नेमके कारण हातात धरले होते, फक्त ते सापाच्या दिशेने नेले. हे त्यांनी स्वतःच हसत कबूल केले.

उपग्रहाच्या चित्राचेही असेच. रात्री जे चित्र आपण बघतो ते अवरक्त किरणांचे, म्हणजे तापमानाचे. उंचावरचे ढग थंड, म्हणून पांढरे दिसतात. धुके जमिनीलाच चिकटलेले, त्याचे तापमान जमिनीएवढे; चित्राला ते जमिनीसारखेच दिसते. धुके हुडकायला दोन वेगळ्या अवरक्त लहरींमधला फरक काढलेले चित्र पाहावे लागते, आणि इन्सॅटच्या उपग्रहांवरून ते मिळते. ढगवाल्याला ते त्या रात्रीनंतर कळले. जागतिक प्रारूपांकडून याची अपेक्षाही चुकीची, कारण त्यांची चौकट नऊ-दहा किलोमीटरची किंवा त्याहून मोठी, आणि वांगणीचे खोरे त्या एका चौकटीत डोंगरासकट मावते.

वही

दुसरी बैठक काकूंकडे, आणि या प्रकरणाचा खरा गाभा तिथे हाती आला. मी सत्तर टक्क्यांच्या जोरावर सरांना गप्प केले होते. काकूंना ते टोचले होते. त्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून वाचून काढली आणि समोर ठेवून म्हणाल्या, "यात तुम्हाला हवं ते कुठे लिहिलंय ते दाखवा."

नव्हते. ४१ रात्री या आम्ही गेलो त्या रात्री. ज्या रद्द केल्या त्यांची वहीत ओळसुद्धा नव्हती. ग्रुपवरचे जुने संदेश उकरून ढगवाल्याने मोजल्या तर सतरा निघाल्या. त्या सतरा रात्री आकाश कसे होते? कुणालाच माहीत नाही. रद्द केले की आम्ही हळहळतो, मग टीव्ही लावतो. खिडकीतून डोके बाहेर काढून बघत नाही. निरभ्र असले तर त्रास होईल म्हणूनही असेल. त्यामुळे आमचे रद्द करण्याचे निर्णय बरोबर होते की भित्रेपणाचे, हे तपासायला काही साधनच नव्हते. अंदाज चुकला की आपण अंदाजाला नावे ठेवतो, पण तो किती वेळा चुकला हे मोजायला आपण तिथे होतो कुठे?

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. 'आकाश चांगले' हा शेरा रात्रीचा नव्हता, आम्ही जागे होतो तेवढ्या वेळाचा होता. काकूंनी प्रत्येक नोंदीतली शेवटची वेळ काढली. रात्री एकच्या पुढे वही उघडी होती अशा रात्री ४१ पैकी फक्त नऊ. बाकी ३२ रात्री आम्ही साडेबारा-एकला आवरले होते. का आवरले याची कारणे काकूंनी लिहिली होती: 'थंडी', 'सगळे दमले', 'उद्या लवकरची गाडी'. आणि सहा वेळा, 'दुर्बीण ओली'.

सहा वेळा. म्हणजे धुक्याची पूर्वसूचना आमच्याच वहीत आमच्याच काकूंच्या अक्षरात पडून होती. आम्ही ती सामानाची तक्रार म्हणून वाचत आलो. दुर्बीण ओली झाली की झाकायची, वही मिटायची, आत जाऊन चहा प्यायचा. त्यानंतर बाहेर धुके पडले का, हे पाहायला कुणी नसे. वही मिटली की रात्र संपली. आणि मी मात्र अशा वहीवर भरवसा ठेवून माणसांना एक वाजता उठायला सांगितले, म्हणजे ज्या वेळेची आमच्याकडे जवळजवळ नोंदच नव्हती त्या वेळेला.

मला वाटते हे फक्त आमच्यापुरते नाही. हौशी लोक ज्या रात्री साधल्या त्यांच्या कथा सांगतात, फोटो लावतात. फसलेल्या रात्रींचा किस्सा होतो, नोंद होत नाही. आणि न गेलेल्या रात्रींचा किस्साही होत नाही.

मग काय बदलले

फार काही नाही, पण जे बदलले ते टिकले आहे.

मालकांना विनंती करून मुदत बाराऐवजी दोनची करून घेतली. त्यांना काही फरक पडत नव्हता. इतकी वर्षे कुणी विचारलेच नव्हते. या दोन तासांत एक ताजा अंदाज मिळतो. प्रत्येकाकडून शंभर रुपये जास्त घेऊन रद्द झाल्यास बसचे पैसे त्यातून द्यायचे ठरले. याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता तसा झाला: पैसे बुडण्याची धास्ती गेल्यावर रद्द करायची चर्चा पाच मिनिटांत संपते. आधी आम्ही आकाशावर बोलतो असे वाटायचे, पण बोलत असायचो दोन हजारांवर.

जायचे की नाही हे घरी ठरते. कधी बघायचे हे घरी ठरवायचे नाही, असे आता पक्के आहे. छापील वेळापत्रक बंद. त्याऐवजी दर रात्री एक जागल्या नेमतो. गावच्या जागल्यासारखेच काम: दर अर्ध्या तासाने चारही दिशा बघायच्या, आणि दोन तृतीयांश आकाश दहा मिनिटे उघडे राहिले की स्टीलची थाळी बडवायची, मग कुणी कितीही गाढ झोपलेले असो. पहिल्या वेळी एका लहान मुलीने थाळी वाजवायचा हक्क मागून घेतला आणि गरज नसताना दोनदा वाजवली. चालायचेच.

दवासाठी ढगवाल्याने एक ढोबळ नियम बसवला आहे. संध्याकाळी सहाचा तिथला दवबिंदू आणि पहाटेचे अपेक्षित किमान तापमान यांत दोन अंशांहून कमी अंतर असेल, वारा पडलेला असेल आणि आठवडाभरात पाऊस झाला असेल, तर मध्यरात्रीनंतरची रात्र हातची गेली असे धरायचे आणि सगळे साडेसात ते साडेअकरात उरकायचे. जेवण मागे ढकलायचे. फेब्रुवारीत अंतर सहा अंश होते, तेव्हा पहाटेपर्यंत बसलो आणि आरशावर थेंबही नव्हता. मार्चमध्ये पाऊस नव्हता, पण अंतर एक अंशाचे. आम्ही अकराला आवरले. बाराला दव आले, धुके काही आले नाही. म्हणजे नियम अर्धा बरोबर. अशा अर्ध्या बरोबर गोष्टींनाच आम्ही आता वहीत जागा देतो. दुर्बिणीच्या तोंडाला जुन्या योगा मॅटची लांब नळी गुंडाळतो, दव त्याने अर्धा-पाऊण तास लांबते. शोधकाला कापडी टोपी. यात नवे काही नाही, अनुभवी मंडळी हे पूर्वीपासून करतात. आम्हीच आळशी होतो.

दुसरी जागा शोधायचाही विचार झाला. खोऱ्यातले धुके टाळायचे तर उंचीवर जायला हवे, माळशेज चढून जुन्नरच्या बाजूच्या पठारावर. आकाश तिथले वांगणीहून कितीतरी सरस. पण ठाण्याहून शंभर किलोमीटरच्या वर अंतर, रात्रीचा घाट, आणि आजोबांसारख्या माणसांना ते झेपणारे नाही. सरांनी यावर फार वाद घातला नाही. तरुण चौघे एकदा जाऊन आले. वाऱ्याने दुर्बीण धड उभी राहत नव्हती म्हणतात.

वहीत दोन नवे रकाने आले. एक, आवरल्यानंतरचा: जो कुणी पहाटे उठेल त्याने बाहेर येऊन एक ओळ लिहायची. दुसरा, रद्द केलेल्या रात्रींचा: ठाण्यात आपापल्या गच्चीवरून दहाला, अकराला आणि एकला आकाश बघून लिहायचे. ठाण्याचे आकाश म्हणजे वांगणीचे नव्हे, हे मान्य. पण उंचावरचे ढग दोन्हीकडे सहसा सारखेच असतात, आणि रद्द करण्याचे कारण बहुतेकदा तेच.

या रकान्यातली पहिली नोंद जानेवारीतली आहे. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी ढगाळ हवा, सरकत होता, दोन्ही प्रारूपे सत्तर टक्के ढग सांगत होती, एकमताने रद्द केले. काकूंच्या अक्षरात ती नोंद अशी:

'रद्द. रात्री १०: स्वच्छ. पश्चिमेला थोडे पिंजारलेले. रात्री ११: स्वच्छ. अगस्त्य दिसला, समोरच्या दोन टॉवरच्या फटीतून, साधारण वीस मिनिटे. शेजारच्या आजोबांना फोन केला. लिफ्ट बंद होती, चार मजले चढून आले. रात्री १: बघायचे राहिले, झोप लागली.'